नववीच्या वहीवर दहावी

दहावी कधी झाली असं कुणी विचारलं आणि मी '२०२१' म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "म्हणजे परीक्षा न देता पास झालेली बॅच!" एसटीत शेजारी बसलेल्या काकू हे म्हणतात, लग्नात भेटलेले पाहुणे म्हणतात, माझ्या एका वर्गमित्राला तर नोकरीच्या मुलाखतीत ते ऐकून घ्यावं लागलं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण आमची हायस्कूलची सहा वर्षं त्या एका वाक्यात संपतात, आणि ते वाक्य खरंही नाही. परीक्षा आम्ही दिली होती. ती दहावीच्या निकालात धरली जाणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, एवढंच.

आधी हिशेब सांगते, कारण तो बऱ्याच लोकांना ठाऊक नसतो. राज्य मंडळाची २०२१ ची दहावीची परीक्षा २९ एप्रिलपासून सुरू व्हायची होती. कोरोनाची दुसरी लाट चढत गेली आणि २० एप्रिलला सरकारने परीक्षा रद्द केली. मग निकाल कसा लावायचा, यावर महिनाभर खल झाला. २८ मे रोजी तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी सूत्र जाहीर केलं. प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी ३० गुण दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि उरलेले ५० गुण नववीच्या निकालाचे. १६ जुलैला निकाल लागला. राज्यातल्या पावणेसोळा लाख मुलामुलींपैकी ९९.९५ टक्के पास.

त्या ५० गुणांपाशी जरा थांबायला हवं. आमची नववी २०१९-२० ची. त्या वर्षीची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीमुळे झालीच नाही; एप्रिल २०२० मध्ये ती रद्द झाली आणि पहिलं सत्र, चाचण्या आणि अंतर्गत गुण यांवर आम्हाला वर घातलं. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेतला अर्धा भाग मुख्यतः ऑक्टोबर २०१९ च्या सहामाही परीक्षेवर उभा राहिला. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ती एक साधी सहामाही होती. आमच्याकडे, सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावर, ती महापुरानंतरची सहामाही होती.

जून २०१५ मध्ये आम्ही पाचवीत हायस्कूलला आलो. पलूस तालुक्यातलं नदीकाठचं गाव. चौथीपर्यंत मराठी शाळा, म्हणजे जिल्हा परिषदेची, आणि मग हायस्कूल. इथे आजूबाजूच्या तीन-चार गावांतली पोरं यायची. पोरं सायकलवर, मुली मोफत पासवर एसटीने. शाळेची घंटा आणि एसटीची वेळ यांचं कधीच जमलं नाही, त्यामुळे परिपाठाला उशिरा आलेल्या मुलींची एक रांग रोज मागे उभी असायची. प्रार्थना, प्रतिज्ञा, पंचांग, सुविचार, मग बातम्या. बातम्या वाचायची पाळी आली की आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी दुकानातून पेपर मागून आणावा लागे. पावसाळ्यात मात्र पेपरची गरज नसे. कोयना धरणात किती टीएमसी, धरणातून किती क्युसेक सोडलं आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ किती फूट, एवढ्या तीन बातम्या पुरेशा असायच्या.

नदीपासून लांब राहणाऱ्यांना हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आयर्विन पूल १९२९ साली बांधला. तिथे पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. "आयर्विनला किती?" हा आमच्याकडचा पावसाळ्यातला रामराम आहे. किती फुटांना कुणाच्या मळ्यात पाणी शिरतं, किती फुटांना कुणाच्या गोठ्याला लागतं, औदुंबरला दत्ताच्या देवळात पाणी कधी येतं, हे सहावीतल्या पोरालाही तोंडपाठ असतं.

आमच्या शाळेच्या गेटच्या खांबावर तेलरंगाने एक आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी आकडा, २००५. त्या वर्षीचं पुराचं पाणी तिथवर आलं होतं. आमच्या वर्गातले बहुतेक जण २००४-०५ चे. मी त्या पुरात तान्ही होते. आज्जी सांगते की पाळण्यासकट मला ट्रॉलीत घालून मळ्यातून वर आणलं. पाचवीत ती रेघ आमच्या डोक्याच्या वर होती. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की पोरं खांबाला पाठ लावून उभी राहायची. आठवीत उंच पोरांची डोकी रेघेला टेकली, तेव्हा त्यांनी गेटवरच दंगा केला होता.

पाचवी ते आठवी ही चार वर्षं मी भरभर सांगते, कारण ती सगळ्यांच्या शाळेसारखीच होती. खिचडी, कबड्डी, लेझीम, लाल गाडीतून पन्हाळ्याची सहल, गॅदरिंगला साडी नेसून केलेला नाच. या सगळ्यांत एक माणूस वेगळा काढून सांगायला हवा, ते आमचे गणिताचे सर. फळ्यावर उदाहरण लिहून झालं की ते खडू ठेवून मागे वळायचे आणि म्हणायचे, "उत्तर चुकलं तरी चालंल, पायऱ्या लिहा." ज्याचं उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, त्याला ते अर्धेच गुण द्यायचे. ज्याच्या पायऱ्या नीट आणि शेवटी बेरीज चुकलेली, त्याची वही वर्गात फिरवायचे. माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाची वही सगळ्यात जास्त वेळा फिरली. त्याच्या घरी दोन म्हशी, वाट्याने केलेली थोडी शेती आणि मातीच्या भिंतींचं घर. गणित त्याला आपोआप यायचं. सर त्याला 'इंजिनिअर' म्हणूनच हाक मारत.

२०१९ च्या जुलैअखेरीस पावसाने धरलं ते सोडलंच नाही. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी झोके बांधायला झाडाखाली गेलेल्या आम्ही मुली नदीकडच्या रस्त्यावर पाणी आलेलं बघून परत फिरलो. घरी आज्जी शांत होती. "२००५ ला पिंपळापातुर आलतं. त्येच्या म्होरं यायचं न्हाई," ती म्हणाली. गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचा हिशेब हाच होता. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पूर तो, त्यामुळे त्याची रेघ हीच शेवटची रेघ. २००५ ला आयर्विनला पाणी सुमारे ५४ फुटांवर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. मधले ते तीन फूट कुणाच्याच हिशेबात नव्हते, आणि म्हणून माणसं उशिरा निघाली. ८ ऑगस्टला आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसं घेऊन निघालेली नाव उलटली. त्याबद्दल मी इथे आणखी लिहिणार नाही. ज्यांची माणसं गेली, त्यांच्या घरी आमचं जाणं-येणं आहे.

आम्ही पलूसला पाहुण्यांकडे होतो. म्हशी सोडून यायला आमचे आबा तयार नव्हते. त्या वर डोंगरकडेला हलवून वैरणीची सोय लागल्यावरच ते आले. पाणी उतरल्यावर गावात शिरलो तेव्हा आधी वास आला, मग गाव दिसलं. कुजलेला ऊस, मेलेली जनावरं, ओला गाळ आणि त्यावर मारलेली जंतुनाशक टीसीएल पावडर, या सगळ्यांचा मिळून एक वास होता. तो नंतर दिवाळीपर्यंत कपड्यांतून जात नव्हता.

शाळेचे तळमजल्यावरचे वर्ग पंख्यापर्यंत बुडाले होते. पंख्यांची पाती खाली वाकून फुलासारखी मिटली होती. गेटच्या खांबावर २००५ ची रेघ गाळाखाली गेली होती आणि तिच्या दोन हात वर नव्या पाण्याची कड उमटली होती. १५ ऑगस्टला त्या गाळातच झेंडावंदन झालं. त्याच दिवशी राखीपौर्णिमा होती. वरच्या वर्गातल्या पोरांनी फावड्याने गाळ ओढला, आम्ही मुलींनी बाक धुतले. ऑफिसात क्लार्क एकेक जनरल रजिस्टर उघडून पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालत बसले होते. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आजवर नाव घातलेल्या प्रत्येक पोराची नोंद. जन्मतारीख, जात, दाखला, सगळं त्यावरून निघतं. खालच्या कपाटातली रजिस्टरं भिजली होती. त्या दिवसांत क्लार्क कुणाशी बोलत नसत.

भिजलेल्या वह्यांचं सांगते, कारण त्या वर्षी आम्ही सगळे त्यात तरबेज झालो. जेलपेनने लिहिलेलं सगळं जातं. पानावर नुसता निळा ढग उरतो. बॉलपेनचं राहतं. पेन्सिलीचंही राहतं. पाठ्यपुस्तकाचं गुळगुळीत पान शेजारच्या पानाला असं चिकटतं की सुकल्यावर पुस्तकाचा ठोकळा होतो आणि सुरीनेही सुटत नाही. म्हणून पुस्तक ओलं असतानाच एकेक पान सोडवायचं, मध्ये कागद घालायचा आणि तारेवर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवायचं. आमच्या अंगणात तेव्हा गोधड्यांच्या बरोबरीने भूमितीची पानं वाळत होती. माझी विज्ञानाची वही जेलपेनची होती, ती गेली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाची गणिताची वही बॉलपेनची होती, ती राहिली. घर मात्र राहिलं नाही. मातीच्या भिंती पाण्यात दोन दिवस उभ्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी बसल्या.

मदत खूप आली. पुण्या-मुंबईहून, सोलापूरकडून, कोकणातून गाड्या आल्या. बिस्किटं, चटया, पाण्याच्या बाटल्या, कपडे, आणि वह्या. काही वह्यांची पहिली चार-सहा पानं नीट फाडून काढलेली असायची. कुणीतरी आपली वापरात असलेली वही दिली होती. त्या मुलांना आम्ही ओळखत नाही, पण आमच्या वर्गाने नववीची सहामाही त्यांच्या वह्यांवर केली, हे त्यांना कळावं असं मला फार वाटतं.

ऑक्टोबरात सहामाही झाली. त्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, शाळेला मतदान केंद्राची तयारी करायची होती, त्यामुळे परीक्षा उरकून घेतली म्हटलं तरी चालेल. वर्गातली किती तरी पोरं पेपर देऊन दुपारी घराच्या पायात दगड भरायला जात होती. ज्याला सर 'इंजिनिअर' म्हणत तो तेव्हा घरच्यांबरोबर गोठ्यात ताडपत्री बांधून राहत होता. त्याच्याकडे संध्याकाळी दिवा होता, पण दिव्याखाली बसायला जागा नव्हती. गणितात तो कसाबसा पास झाला. त्याला कुणी रागावलं नाही. "नववीच तर हाय, पुढच्या वर्षी भरून काढ," असं सरही म्हणाले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात नववीच्या मुलाला हेच सांगतात. खरी परीक्षा दहावीची.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. महिनाअखेरीस आमच्या जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव कोरोनाच्या रुग्णांमुळे राज्यभर बातम्यांत होतं, गावाच्या वेशीवर बांबू आडवे लागले होते आणि कुणाला घराबाहेर पडायची हिंमत नव्हती. जूनमध्ये आम्ही दहावीत गेलो, म्हणजे 'दहावी अ' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेलो. घरात एक फोन, तो आबांचा. ते सकाळी मळ्यात जायचे ते फोन घेऊनच जायचे, कारण मोटारीची लाइट कधी येते ते त्यावरूनच कळायचं. त्यामुळे सरांनी सकाळी टाकलेला व्हिडिओ मी रात्री बघायचे. रेंज फक्त स्लॅबवर. पावसाळ्यात छत्री धरून स्लॅबवर बसून मी वर्गसमीकरणं शिकले. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता, पण उरलेला ७५ टक्के छत्रीखाली बसवायचा होता. टीव्हीवर, दीक्षा ॲपवर पाठ होते. आमच्यातल्या ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नव्हता त्यांच्यासाठी गणिताचे सर प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढून गल्लीगल्लीत देत आणि पुढच्या आठवड्यात सोडवलेल्या गोळा करत. दारात उभे राहून, मास्क लावून, लांबूनच सांगत, "पायऱ्या लिहा."

नोव्हेंबरअखेरीस नववी ते बारावीचे वर्ग उघडले. पालकांचं संमतीपत्र, दारात ताप मोजायची बंदूक, एका बाकावर एक जण. आम्ही एकमेकांना आठ महिन्यांनी बघत होतो आणि पोरांचे आवाज फुटलेले होते. ते थोडेच महिने आम्हाला दहावी म्हणून वर्गात बसायला मिळालं. पुन्हा रुग्ण वाढले आणि शाळा पुन्हा ग्रुपवर गेली.

त्या वर्षी ग्रुपमधून माणसं 'लेफ्ट' होत होती. एखाद्याचा फोन विकला जायचा, एखाद्याचा नंबर बदलायचा. एक मैत्रीण फेब्रुवारीत लेफ्ट झाली. माझ्याबरोबर पाचवीपासून एसटीने येणारी, परिपाठाला उशिरा येऊन शेजारी उभी राहणारी. तिचं लग्न झालं होतं. सोळा वर्षांची होती ती. कायद्याने मुलीचं वय अठरा लागतं हे तिच्या घरच्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण पुरात ऊस गेलेला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्न उरकायची मुभा. एरवी मांडव, जेवणावळ, मानपान यांत बुडवणारं लग्न कमी पैशात होतंय म्हटल्यावर अनेक घरांनी घाई केली. ही गोष्ट पुढच्या गल्लीला कळायला आठवडा लागला, कारण कुणी कुणाच्या घरी जातच नव्हतं. शाळा भरत असती तर दुसऱ्या दिवशी हजेरीला कळलं असतं, मॅडम घरी गेल्या असत्या, कदाचित थांबलंही असतं. शाळा रोज भरते याचा गावातल्या मुलींना काय उपयोग असतो, हे मला तेव्हा समजलं.

परीक्षा रद्द झाली त्या दिवशी ग्रुपवर आधी नाचणारे इमोजी आले. मग रात्री उशिरा एकेकाचे मेसेज यायला लागले. आता काय? अकरावी कशावर? आणि मग मे महिन्यात सूत्र आलं. ५० गुण नववीचे, हे वाचल्यावर मी लगेच मागच्या बाकावरच्या त्या मुलाला फोन केला. त्याने सूत्र आधीच वाचलं होतं. तो एवढंच म्हणाला, "भरून काढायचं म्हणालते सगळी. आता कशात काढू?"

शाळेत हेडसरांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती बसली. सरांनी प्रत्येकाच्या घरी फोन करून दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर, गृहपाठाच्या वह्या, प्रकल्प, सगळं मागवलं. गल्लीगल्लीत जाऊन गोळा केलेल्या त्या झेरॉक्स आता कामाला आल्या. दहावीच्या ५० गुणांत त्या मुलाला गणितात जवळजवळ सगळे गुण मिळाले, आणि ते त्याचेच होते. नववीचं रजिस्टर मात्र केव्हाच बंद झालेलं. त्यात हात घालता येत नव्हता आणि सरांनी तो घातला नाही. मला ते योग्य वाटतं आणि त्याचं वाईटही वाटतं. राज्यासाठी सूत्र एकच होतं. त्यात पुरासाठी रकाना नव्हता.

निकालाच्या दिवशी, १६ जुलैला, दुपारी संकेतस्थळच बंद पडलं ते संध्याकाळपर्यंत उघडेना. आम्ही सगळे वेगवेगळ्या स्लॅबवर बसून एकच पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. रात्री कळलं, वर्ग शंभर टक्के पास. पेढे वाटायला बाहेर पडायचं नव्हतं. आणि आठवडा उलटतोय तोवर कृष्णा पुन्हा चढली. जुलै २०२१ चा पूर. आयर्विनला पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं. या वेळी गाव वेळेवर निघालं. क्लार्कनी पाणी रस्त्यावर यायच्या आत सगळं दप्तर डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेलं. आमचे अकरावीचे दाखले त्यामुळे वाचले.

त्यातच अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सामाईक परीक्षा होणार असं जाहीर झालं होतं. चार विषय, शंभर गुण. ती ऐच्छिक असली तरी चांगलं कॉलेज हवं असणाऱ्याला ती द्यावीच लागणार होती. पुरातून बाहेर येऊन आम्ही पुन्हा पुस्तकं वाळवायला घेतली. तो मागच्या बाकावरचा मुलगा या परीक्षेच्या बातमीने उठून बसला होता. इथे नववी मध्ये येणार नव्हती. पलूसला मामाकडे राहून तो रोज गणितं सोडवत होता. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली आणि दहावीच्या गुणांवरच प्रवेश द्यायला सांगितलं. कोरोना असताना मुलांना गर्दीत बसवायचं नाही, हे न्यायालयाचं म्हणणं मी समजू शकते. पण त्या दिवशी तो मळ्यात निघून गेला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

डिप्लोमाची हवी ती जागाही त्याला त्या गुणांवर मिळाली नाही. त्याने आयटीआयला फिटर केला. आता पलूस एमआयडीसीत कामाला आहे, घराच्या भिंती विटांच्या झाल्या आहेत, आणि रात्री तो गावातल्या सातवी-आठवीच्या पोरांना फुकट गणित शिकवतो. मी एकदा त्याला विचारलं, राग येतो का? तो म्हणाला, "राग कशाचा? पायऱ्या बघायला कुणाला येळच नव्हता त्या वर्षी."

आणि ती फेब्रुवारीत लेफ्ट झालेली मैत्रीण. परीक्षा झाली असती तर सासरच्यांनी तिला पेपरला पाठवलं नसतं, हे ती स्वतः सांगते. पण परीक्षा नव्हती. नववीचे गुण होते, दहावीच्या पहिल्या काही महिन्यांतले पेपर होते, आणि त्यांच्या जोरावर निकालाच्या यादीत तिचं नाव आलं. दहावी पास. ते प्रमाणपत्र तिने दोन वर्षं ट्रंकेत ठेवलं. मग १७ नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून, कला शाखेतून बारावी झाली. आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए. करते. संपर्कवर्गाला मुलीला बरोबर घेऊन येते. आपल्या बॅचला कुणी 'फुकट पास' म्हटलं की सगळ्यात आधी चिडते ती हीच.

एकाच सूत्राने वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाची वाट अडवली आणि जिची शाळा सुटली होती तिला वाट करून दिली. आमच्या वर्गात या दोघांचीही बाजू घेणारे आहेत आणि भांडण अजून मिटलेलं नाही. मी स्वतः परीक्षेच्या बाजूची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीचा इंग्रजीचा पेपर हा आमच्यातल्या बहुतेकांचा मंडळाचा पहिलाच लेखी पेपर. दोन तासांनी माझी बोटं आखडली, तरी शेवटची घंटा झाली तेव्हा मला मोठं समाधान वाटलं होतं. आपलं आपण लिहून, अनोळखी माणसाकडून तपासून घेतलेलं काहीतरी हातात हवं असतं. पण त्या मैत्रिणीसमोर मी हे ठासून म्हणू शकत नाही.

आम्हाला निरोप समारंभ मिळाला नाही. नववीच्या वर्गाने दहावीला निरोप द्यायचा, पुरी-बासुंदी, भाषणं, रडारड, वर्गाचा फोटो, आणि दहावीने शाळेला एक भेट द्यायची, अशी आमच्याकडची पद्धत. हॉलमधलं घड्याळ २०१४ च्या बॅचचं, ध्वनिक्षेपक २०१७ चा, असं त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं आहे. २०२१ ची भेटच नव्हती. म्हणून गेल्या दिवाळीत पुण्या-मुंबईला कामाला असलेले सुट्टीवर आले तेव्हा आम्ही शाळेत जमलो. पुरी-बासुंदी झाली. भाषणं कुणी केली नाहीत. गणिताचे सर यंदा निवृत्त होत आहेत, त्यांना पुढे बसवलं.

भेट काय द्यायची यावर मात्र दोन तास गेले. कुणी म्हणालं पंखे, कुणी प्रोजेक्टर. शेवटी क्लार्कना विचारलं. ते म्हणाले, वरच्या मजल्यावर दप्तर ठेवायला कपाट नाही. पावसाळ्यात रजिस्टरं पोत्यात बांधून बाकावर ठेवतात. मग वाद उरला नाही. पोलादी, चार खणांचं, कुलपाचं कपाट पलूसच्या दुकानातून घेतलं. फिटर झालेल्या आमच्या मित्राने भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून ते जमिनीपासून दोन फूट उंच बसवून दिलं, कारण २०१९ पेक्षा तीन फूट जास्त पाणी येऊ शकतं असं तो धरून चालतो. वर्गणी सगळ्यांनी काढली. मैत्रिणीने तिच्या पहिल्या शिलाईच्या पैशांतून दिली. भिजून वाळलेली जुनी रजिस्टरं खालच्या खणात आणि आमच्या वर्षाची वरच्या खणात ठेवली आहेत. दारावर बॅचचं वर्ष लिहायचं राहिलं आहे. नुसतं २०२१ लिहायचं की २०१५ ते २०२१, यावर ग्रुपवर वाद चालू आहे, आणि मी दुसऱ्या बाजूने रोज मतं गोळा करते आहे.